देवाचा पालक कोण

अहो,

भाकरी टोपल्यात झाकून ठेवली आहे. मी दोन्ही पोरी घेऊन मेहकरले, तुमच्याच वकिलाकडे चालली.

चुलत भाऊबंदांनी हिस्सा मागू नये म्हणून तुम्ही मळा घरच्या खंडोबाच्या नावे करून राह्यले, ते पटलं. वकील म्हणे, कायद्यात देव म्हणजे अज्ञान पोर, त्याले पालक लागतो. मले नवलच वाटलं. राक्षस मारणारा देव, अन् अज्ञान! बरं, पालक तुम्ही, तुमच्या मागं भावजी. मंग मी अन् पोरी कोणाच्या दारी?

त्या पोराले रोज न्हाऊ-जेवू कोण घालते, हे वकिलाले काऊन नाही सांगितलं?

दस्त नोंदायच्या आधी मीच सांगते. देव्हारा रिकामा दिसला तर बोंबलू नका. खंडोबाचा टाक माह्या ओटीत आहे. पोर मायसंगंच जाते.

कमळजा