गोठ्यावरचं धाबं

आई,

आज दुपारी पुन्हा वीज गेली आणि तुझी आठवण आली. तशी तू रोज आठवतेस असं नाही, खोटं कशाला बोलू? पण उन्हाळ्यात स्लॅब तापला की हटकून येतेस. विश्रामबागेत वरच्या मजल्यावर राहते मी. गच्चीवर ओली पोती टाकते, ती तासाभरात पापडासारखी वाळतात. आता पुन्हा पुन्हा जिना चढायचाही कंटाळा येतो.

दुष्काळानंतरचे ते उन्हाळे. मी कराडच्या कॉलेजात शिकवत होते आणि घरांच्या छपरांवर संशोधन करत होते. पत्रा, कौलं, स्लॅब आणि आपलं धाबं, म्हणजे तुळयांवर चिपाडं अंथरून वर पांढरी माती चोपलेलं सपाट छप्पर. गावोगाव थर्मामीटर टांगत हिंडायचे. कोरेगावला आपल्या घरातही एक टांगला होता, आणि सगळ्यांत थंड निघालं ते आपलंच धाबं. मी केवढ्या कौतुकानं सांगायला आले, तर तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "थंड हाय म्हून काय चाटू त्येला? मला स्लॅब पायजे. नकाशा तूच काढ."

भाऊ पलटणीत होता. त्याची दोन स्थळं मोडली होती, 'घर कच्चं आहे' एवढ्याच कारणानं. कच्चं हा शब्द आपल्याकडे भिंतीला कमी आणि घराण्याला जास्त लागतो. तरी मी आकडे सांगत बसले. तू परात बाजूला सारलीस. "दरसाल मिरगाच्या आधी वर चढून माती कोन चोपतं? तुजा थर्मामीटर? पावसात कालवनात माती गळती, ती कोन काढतं? लय शिकलीस बाई." मला राग आला होता, आणि तुझं खरंही होतं. नकाशा मी काढून दिला.

सिमेंटच्या परमिटसाठी तू कचेरीच्या पायऱ्या झिजवल्यास. स्लॅब टाकून झाला, भावाचं लग्न झालं, आणि "आमचं पक्कं झालं" म्हणत तू गावभर मिरवलीस. गोठ्यावरचं धाबं तेवढं राहिलं. म्हणालीस, "म्हशीला कोन बघाय येतंय?"

पुढच्या वैशाखात मी येते, तर भर दुपारी तू घरात नाहीस. नवी सून पदरानं वारा घेत सांगते, "आत्याबाई गोठ्यात हायती." तू म्हशीशेजारी बाज टाकून पडलेली, आणि खांबाला माझा जुना थर्मामीटर टांगलेला.

"घरात उकडतंय का गं?"

"कशाचं उकडतंय? म्हशीजवळ कुनीतरी पायजे."

"आणि हा थर्मामीटर?"

"तिला ताप आला तर कळाय नको?"

मी हसू दाबते आणि पारा बघते. माझ्या प्रबंधात होता तेवढाच आहे.

त्यानंतर तुझा प्रत्येक उन्हाळा गोठ्यात गेला. एकदा तरी 'तुजं खरं हुतं' म्हणशील म्हणून मी वाट बघत राहिले. तू काही म्हणाली नाहीस, आणि तशीच गेलीस. प्रबंधाला शाबासकी मिळाली, पण तो वाचून कुणी धाबं घातल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पुढं मीही घर घेतलं ते स्लॅबखालीच. मिरगाआधी वर चढायला गुडघे कुणाचे आणायचे? खरं कुणाचं होतं, हे आता ठरवत बसायचंही त्राण नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते. दुपारी मी खाली जिन्याखालच्या सावलीत, कुंड्यांशेजारी खुर्ची टाकून बसते. शेजारीण विचारते, "वर फार तापतं का हो?"

मी म्हणते, "छे, कुंड्यांजवळ कुणीतरी पाहिजे."