सनीची डोकेटक्कर

चौल,
६ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
तुळसाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझ्या कानांमुळे फोन करून उपयोग नाही. मागच्या वेळी मी माझ्या सनीबद्दल बोलत होते आणि तू सुपारीचा भाव सांगत बसलास. म्हणून हे पत्र.

इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण तसं नाही. प्रांजलीने पुण्याचं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं आणि व्हिडिओ गेम तपासायच्या कंपनीत नोकरी धरली, हे तुला माहीत आहेच. तेव्हापासून सनी लेकीशी बोलत नाही. हायस्कूलात दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना गणित शिकवतो आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसतो. तीही त्याचीच मुलगी. घरातल्या कुणाचाच फोन उचलत नाही. सूनबाई दोघांना समजावून थकली.

पण एक वाट सापडली आहे. मे महिन्यात, हे सगळं बिनसायच्या आधी, प्रांजलीने माझ्या फोनमध्ये राक्षसांच्या झुंजीचा गेम घालून दिला होता. त्यात ओळखीच्या माणसाला झुंजीचं आमंत्रण पाठवता येतं. मी तिला पाठवलं आणि तिने ते घेतलं! बोलायची सोय त्यात नाही, फक्त मारामारी. माझा प्राणी एडक्यासारखा, दगडी कपाळाचा. त्याचा मोठा डाव म्हणजे डोकेटक्कर. समोरच्याला जबर लागते, पण आपलाही जीव कमी होतो. मी रोज चारच्या चहाला हरते आणि पोरगी सुखरूप आहे एवढं मला कळतं.

माया आहे तशीच ठेव आणि कानाचं यंत्र लावत जा.

तुझी,
तुळसा


काशीद,
१३ ऑक्टोबर २०२५

चि. तुळसास,
जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून धन्य झालो. शाळेत पोरांनी एकमेकांना डोकं मारलं तर दोघांना उन्हात उभं करणाऱ्या बाई त्या आपणच ना? कानाचं यंत्र डब्यात सुखरूप आहे.

तुझं रोजचं हरणं मात्र मला पटलं नाही. माझ्या दोन खोल्यांत सध्या पुण्याचं जोडपं उतरलंय. त्यातला दाढीवाला समुद्राकडे पाठ करून हाच गेम खेळत बसतो. त्याला विचारलं. तो म्हणाला की ऊठसूट डोकेटक्कर मारणं हे अडाण्याचं काम. आधी नुसता बचाव करायचा, समोरचा दमला की मगच एकदा डोकं घालायचं. तहसील कचेरीत मी जन्मभर हेच केलं, पण तो डाव असतो हे ठाऊक नव्हतं.

करून बघ. सनीला यातलं काही सांगू नकोस, तो तुझ्यावर गेलाय.

राग न धरता आठवण ठेवणारा,
महिपतदादा


चौल,
३ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
जयभीम. आशीर्वाद नंतर दे, आधी ऐकून घे.

तुझ्या डावाने मी जिंकले. आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगी यायचीच बंद झाली. रोज आमंत्रण पाठवायचे, कोणी घ्यायचं नाही. हरत होते ते काय वाईट होतं? तुला मनातल्या मनात खूप बोलून घेतलं.

मागच्या रविवारी सनीने विचारलं की आई, चहा निवला, तू फोन धरून का बसलीस. मी सांगून टाकलं. तो भडकला. म्हणाला, या खेळापायीच पोरगी गेली, बघू तरी काय असतं त्यात. फोन हिसकून घेतला, आमंत्रण पाठवलं, आणि दादा, त्या वेळी तिने ते घेतलं.

सनीला दुसरा डावच सुचत नाही. सुरू झाल्याझाल्या डोकेटक्कर, त्यावर पुन्हा डोकेटक्कर. तिचाही प्राणी पडला आणि ह्याचाही. पुन्हा खेळला, पुन्हा दोघे आडवे. मग फोन वाजला. प्रांजली घाबरली होती. आजी विचार करून मारते, हा आंधळ्यासारखं डोकं घालणारा कोण, आजीला काही झालंय का, असं विचारत होती. सनी म्हणाला, मी आहे.

त्यावर ती म्हणाली की पप्पा, मारताना आपला किती जीव जातो ते तरी बघा. सनी म्हणाला, समोरच्याचा जातो त्याच्या निम्मा. ती म्हणाली, तिसरा हिस्सा. गणिताच्या मास्तराला ते सोसेना. तासभर कडाकडा भांडले. भांडता भांडता तिच्या तोंडून निघून गेलं की इतके दिवस ती तापाने खोलीत एकटी पडून होती, म्हणून झुंजीला आली नाही. सनीने फोन ठेवला.

सकाळी त्याने स्वतःहून फोन लावला. म्हणाला, तिसरा हिस्साच, तुझं बरोबर. आणि मग खालच्या आवाजात विचारलं, आता ताप किती आहे.

शनिवारी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट बांधून पुण्याला गेला. काल यायचा होता, आला नाही. दोघांपैकी कोणी फोन उचलत नाही. भांडत असतील, अशी आशा आहे.

तुला उगाच बोलले ते पोटात घाल.

तुळसा


काशीद,
४ नोव्हेंबर २०२५

चि. तुळसास,
जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाटेत असेल, पण बातमी माझ्या ओसरीवर येऊन बसली आहे. सनी आणि प्रांजली काल रोह्याकडून मुरूडला उतरून थेट इथे आले. पोरगी रोडावली आहे, पण जेवते नीट. कॉलेजला परत जाणार नाही म्हणते. सनी म्हणतो, जावंच लागेल. त्या बाबतीत कोणी तसूभर हललेलं नाही.

आले कशाला ते ऐक. तुमचा तो गेम तिच्याच कंपनीत तपासायला येतो. डोकेटक्कर फार भारी पडते अशा तक्रारी आहेत, म्हणून तिचा जोर कमी करायचं चाललंय, आणि तशी शिफारस करणाऱ्यांत प्रांजलीही आहे. हे कळल्यावर सनी खवळला. जो स्वतःचा जीव घालवून मारतो त्याचाच जोर कमी करणं हा अन्याय आहे, म्हणाला. ही नोकरी म्हणजे पोरखेळ असं म्हणणारा हाच. आता त्याला तिथे रीतसर अर्ज करायचा आहे, आणि मसुदा कचेरीतल्या माणसाचाच हवा म्हणून मामाकडे आला.

दिला लिहून. विषय: डोकेटक्करीचा जोर पूर्ववत ठेवणेबाबत. सनीने सोबत हिशेब जोडला. प्रांजलीने त्यात चूक काढली आहे. त्यावर आत्ता जे चाललंय ते मला यंत्राशिवाय ऐकू येतंय.

अर्ज ती स्वतः कंपनीत नेऊन देणार आहे आणि त्यावर विरोधाचा शेराही स्वतःच मारणार आहे. सनीची त्याला हरकत नाही. त्याची अट एकच: शेऱ्याची प्रत पोस्टाने किंवा फोनवर चालणार नाही, तिने चौलला येऊन हातात द्यायची. पोरीने सही केली आहे.

दोघांना दुपारच्या एसटीने तुझ्याकडे पाठवतो. लोभ आहेच, तो लिहायला नको.

महिपतदादा