झुंबरमावशींचं हाड

प्रिय मोनिका,

तुझ्या फोनची वाट पाहणं सोडलं आणि लिहायला बसले. रागावून नव्हे. आई गेल्यावर बोलावंसं वाटत नाही, हे कळतं मला.

परवा संगमनेरला तुमच्या घरी जाऊन आले. गोठ्यात एकच गाय उरलीय, तीही सूर्यभानकाका विकायची म्हणतात. "धार काढाया बसलो की मोनिकाच्या आईचीच याद येती," एवढंच बोलले. चहा त्यांनीच केला. साखर घालायचं विसरले, मीही तसाच प्यायले.

झुंबरमावशी गोठ्यात घसरून पडल्या, तेव्हा तुला फक्त "पाय मुरगळलाय" म्हणून सांगितलं होतं, हे मला त्या गेल्यावर कळलं. नगरला, आमची लॅब आहे त्याच हॉस्पिटलात, ऑपरेशन करून त्यांच्या खुब्याचं मोडलेलं हाड काढलं आणि कृत्रिम बसवलं. लॅब सुटली की मी वॉर्डात जायचे. एकदा त्यांनी विचारलं, "दिसभर करती तरी काय गं तू?" मी सांगितलं, काही पेशी एक विकर, म्हणजे एन्झाइम, सोडून आपलं हाड खात असतात. ते विकर शोधणारी अँटीबॉडी असते. ती त्यालाच जाऊन चिकटते आणि मग रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली तेवढी जागा तपकिरी दिसते. आमच्याकडं मात्र काही केल्या रंग येत नव्हता. त्या हसल्या. "मंग माझं काढल्यालं हाड घे की. तसं बी फेकूनच देत्याल." रीतसर सही करून दिलं त्यांनी.

हाडाचा पातळ काप घ्यायचा तर आधी ते मऊ करावं लागतं. आम्ही कडक ॲसिड वापरायचो, त्यात शोधायचं तेच नष्ट व्हायचं. मावशींच्या हाडाला मी घाई केली नाही. सौम्य द्रावणात कितीतरी आठवडे ठेवलं. तेवढ्यात अंथरुणावर पडून पडून त्यांना न्यूमोनिया झाला आणि त्या गेल्या. तू परदेशात, पासपोर्ट व्हिसासाठी अडकलेला. अस्थी प्रवरेत सोडताना काकांनी तुला दिसावं म्हणून मोबाईल उंच धरला, आणि नेमकी रेंज गेली.

त्यानंतर कधीतरी तो रंग उमटला. हाडाच्या कडेनं तपकिरी पेशी, खड्डे करून बसलेल्या. सरांनी पेढे मागवले. मी माझा पेढा तसाच ठेवून पुन्हा सूक्ष्मदर्शकाशी बसले. कॉलेजात होतो तेव्हापासून मावशी कंबर धरून उठायच्या. त्यांच्या हातची भाकरी खाताना आपण दोघी ते बघत होतो. कामाचा शीण म्हणायचो.

आमचा अभ्यास आता संपलाय, मोनिका. उरलेला हाडाचा तुकडा मेणाच्या वडीत बसवलेला आहे. तो ठेवायचा की परत द्यायचा, हे घरच्यांनी सांगायचं असतं. काकांना विचारलं, तर बराच वेळ गायीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "पोरीला इचार. तिच्या हाताला आईची राखसुदिक लागली न्हाई." म्हणून हे पत्र. तू येईपर्यंत मी तो कुणाला हलवू देणार नाही. ये. नदीवर मी तुझ्यासोबत येईन.

तुझीच,
मेहरीन