तळं रिकामं का ठेवलं

प्रिय दादा,

"तळं अर्धं रिकामंच ठेवायचं होतं, तर आपलं घर त्यात घातलंस कशाला?" भर सभेत तू मला विचारलंस. समोर सगळं गाव होतं, म्हणून मी धरणाच्या इंजिनियरबाईचं उत्तर दिलं. आज बहिणीचं देते.

आपलं घर गेलं ते पूर अडवायला. तळं आधीच भरलेलं असेल, तर पुराचं पाणी मावणार कुठे? त्या रिकाम्या जागेसाठीच आम्ही भिंत उभी केली. बोटवाले, हॉटेलवाले सगळे मागे लागले होते, "बाई, भरा की!" मी बधले नाही. रिकाम्या भागात आपल्या घराचा ओटा उघडा दिसायचा, तरी बधले नाही.

परवा डोंगरात ढगफुटी झाली. नदी झाडं उपटून घेऊन आली. मी खाली झेपेल तेवढंच पाणी सोडलं, बाकीचं सगळं तळ्यानं पोटात घेतलं. भिंत तसूभर हलली नाही.

तुझं दुकान नदीकाठी, म्हणून न राहवून वहिनीला फोन केला. "पाणी कुठवर आलंय?"

"कसलं पाणी? पुलाखालून मुकाट चाललंय. हे बसलेत गल्ल्यावर, गिऱ्हाईक नाही म्हणून करवादतायत."

मी इतकी हसले की धरणाची दारं चालवणारा ऑपरेटर घाबरला.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस तर उगाच गहिवरशील. पुराच्या दिवशीही तुला दुकानात बसून गिऱ्हाइकांच्या नावानं खडे फोडता यावेत, एवढ्याचसाठी ते धरण बांधलंय.

तुझी,
हट्टी धाकटी