काढून ठेवलेला पाय

प्रिय दादा,

फोनवर मी रोज 'मजेत आहे' म्हणते. खरं तर परदेशात, कृत्रिम पायांच्या या कारखान्यात शिकायला येऊन तीन महिने झाले, पण कामापलीकडे माझ्याशी कोणी बोलत नाही. संध्याकाळी खोलीवर मी एकटीच मराठीत बडबडते.

काल मास्तरांनी माझा गुडघा दुमडून बांधला आणि त्याखाली सरावाचा पाय चढवला. म्हणाले, "आज दिवसभर यावर चाल. पुस्तकात दुखत नाही."

दुपारपर्यंत कातडी सोलवटली. जिन्यात मी पडले, तर लोक बाजूने निघून गेले. तिथेच पट्टे सोडले आणि पाय काढून रडत बसले.

तेव्हा तू आठवलास. घरी पाहुणे आले असताना तू तुझा कृत्रिम पाय काढून बसला होतास आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "इतका चांगला पाय काय शोभेला ठेवायचाय?" तू हसून तो पुन्हा चढवलास आणि सगळ्यांना चहा दिलास.

मास्तरांनी विचारलं, "काय शिकलीस?"

"पट्टा फार घट्ट होता," एवढंच मी म्हणाले. तुझ्याबद्दल सांगायचा धीर झाला नाही. हे पत्र पाठवायचाही होणार नाही.

दादा, त्या दिवशी किती दुखत होतं रे?

तुझी,
तोंडाळ धाकटी