फझ, दुपारी तीनला

बुध., २० एप्रिल १९९४
म. ने पलंगाखालून गिटार काढली. सोबत पायाने दाबायचा पेडल, गिटारचा आवाज खरखरीत करणारा फझ. उत्तनचा फ्रान्सिस दोन्ही घेणार आहे, हळदींना वाजवतो. अट एकच, फझ चालू हवा. म. चा ऑर्केस्ट्रा बंद पडून पाच वर्षं झाली. तेव्हापासून हे काही बाहेर आलं नव्हतं.
म. म्हणाला, "तू कारखान्यात दिवसभर सोल्डरचे डाग देतेस. हा एक बघ."
बघते म्हटलं. विकू नकोस असं म्हटलं नाही. त्याने विचारलंही नाही.

शुक्र., २२
पेडल उघडला. बॅटरी आतच राहून फुटलेली. हिरवा थर, एक तार पूर्ण खाल्लेली. जुना टूथब्रश, व्हिनेगर, मग स्पिरिट. एम.ए. मराठीत, हात मात्र अंधेरीच्या कारखान्यात शिकले.
झाकणाच्या आत म. चं नाव, खिळ्याने कोरलेलं. आमच्या लग्नाआधीचं.

रवि., २४
तार बदलली, बॅटरीची टोपी नवी. दोन ट्रान्झिस्टर मूळचेच, जुन्या जर्मेनियमचे. अजून जिवंत.
सकाळी सातला जोडून पाहिला. मला वाजवता येत नाही, मोकळ्या तारा छेडल्या. आवाज जाड, खरखरीत, संपता संपेना.
म. दाढी करत होता. अर्ध्या गालावर फेस, तसाच उभा राहिला. आवाज विरल्यावर म्हणाला, "झालं की. फ्रान्सिसला निरोप देतो."

मंगळ., २६
रजा. दुपारी पुन्हा लावला. चौथा मजला, वर गच्ची, स्लॅब तापलेला. आवाज घुसमटला, तुटत गेला, गप्प झाला. डाग एकेक तपासले. नीट आहेत.
मग लक्षात आलं. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. आमच्या सुपरवायझरबाई जुन्या मालाबद्दल सांगायच्या. बर्फाची वाटी टेकवली. पाच मिनिटांत पुन्हा बोलू लागला.
म. ला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं.

गुरु., २८
आमचे फोन शेजारी शहाभाभींकडे येतात. संध्याकाळी हाक आली. म. घरी नव्हता. फ्रान्सिस.
"वैनी, फझ चालू हाय ना? आयतवारी येतो. सकाळी येऊ का दुपारी?"
"दुपारी. तीनला."
शहाभाभी भेंडी चिरत ऐकत होत्या. "इतनी धूप में? बेचारा पापड़ बन के आएगा."
हसले. घरी येऊन म. ला एवढंच सांगितलं, फ्रान्सिस रविवारी तीनला येतोय.

शनि., ३०
नळाला पाणी नाही. टँकर. आठ हंडे. गिटार दाराजवळ पुसून ठेवलेली, ती ओलांडून आणावे लागले. म. म्हणाला, "उद्यापासून जागा होईल."

रवि., १ मे
आला, तीनलाच. दोन तांबे पाणी प्यायला. गिटार आवडली. फझ दाबला. दोन मिनिटं ठीक. मग आवाज खोकला, मग काहीच नाही.
"दादा, यो तं मेला!"
मी चहा गाळत होते. गाळत राहिले.
म. ने पेडल उचलला, पालथा करून गालाला लावला. "मेला नाही, तापलाय. मे महिन्यात आम्ही याला बर्फाच्या डब्यातून स्टेजवर न्यायचो. नवरीपेक्षा याचे नखरे जास्त."
"मग बर्फ आणा."
फ्रीजमध्ये बर्फाचे दोन ट्रे होते. सकाळी म. नेच भरले होते.
"आज बर्फ नाही," म. म्हणाला. "थंडीत ये. थंडीत ऐक, मग ठरव."
फ्रान्सिसने चहा बशीत ओतून प्यायला. "तवर दुसरा गावला तर मी थांबणार न्हाय, दादा."
"नको थांबूस."

सोम., २ मे
शहाभाभींनी जिन्यात त्याला सांगितलंच. जेवताना:
"तीनची वेळ तू दिलीस?"
"हो."
"तापतो हे माहीत होतं?"
"हो. आणि बर्फ?"
म. पानावरून उठला. हात धुऊन आला, गिटार मांडीवर घेतली. पाच तारा सुरात लावल्या. सहावीची खुंटी पिळायला घेतली, उद्यावर सोडली. म्हणाला, चहा टाक.