चारी बाजूंनी सारखं पाणी

६ फेब्रुवारी, मंगळवार
सहा रिंगा तडकल्या! भट्टीतून काढलेली गरम रिंग पाण्याच्या फवाऱ्याखाली धरली की तडा — प्रत्येक वेळी एकाच बाजूला. फवाऱ्यावर विक्की असतो. साहेब म्हणाले, यानंच पाणी जास्त सोडलं असणार, कॉम्प्युटरचा रिपोर्ट तर तडा जाणार नाही म्हणतोय. सोमवारपासून त्याला येऊ नको सांगणार आहेत.
रिपोर्ट माझा. सहीही माझी.

७ फेब्रुवारी, बुधवार
कॉम्प्युटरवर रिंगेचे बारीक बारीक तुकडे पाडून कुठे किती तापेल, कुठे किती ताण येईल ते काढायचं, हे माझं काम. आकडे तीनदा तपासले. बरोबर! मग पहिल्यांदाच खाली जाऊन फवारा बघितला. तो एकाच बाजूला आहे. मी हिशेबात चारी बाजूंनी सारखं पाणी धरलं होतं. कुणाला न विचारता.

८ फेब्रुवारी
का धरलं ते आज कळलं. आबांमुळे, माझ्या आजोबांमुळे.
गावी, इंदुरीला आबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचे. धाव चाकाहून जराशी लहान. लाल करून चढवायची, वर पाणी ओतलं की आवळून बसते. माझी पहिली शाळा तीच — चाकाच्या आऱ्यांवर बोट ठेवत बाराचा पाढा. वाफ, जळक्या लाकडाचा वास, आवळताना चाकाची कुरकुर. आबा झारी घेऊन गोल फिरायचे. “थांबायचं न्हाई. समद्या अंगाला सारखं पाणी.” सहा वर्षांची असताना एकदा झारी माझ्या हातात दिली. सीतारामकाकांचं चाक! मीही गोल फिरले होते. गाडी रस्त्यावरून गेली की मी सगळ्यांना सांगायची, ते माझं चाक.
पाणी एका बाजूनंही पडू शकतं, हे मनातच आलं नाही.

९ फेब्रुवारी
साहेबांना मेल लिहिला: चूक विक्कीची नाही, माझ्या रिपोर्टची. पाठवला नाही. यापुढे माझ्या सहीवर कोण विश्वास ठेवेल?

११ फेब्रुवारी, रविवार
इंदुरी. आबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “सीतारामच्या चाकाला तू एका जागीच हुबी ऱ्हायलीस. धावंचा सांदा उघडला. त्याला म्या सांगितलं, माझा हात चुकला.”
मला का नाही सांगितलं, विचारलं.
“तवा सा वर्साची व्हतीस. आता न्हाईस.”
तिथेच बसून मेल पाठवला.